कडा नसलेली दीर्घिका

लंबवर्तुळाकार दीर्घिका बघायची म्हणून कुणी मुद्दाम दुर्बीण बाहेर काढत नाही. सर्पिल दीर्घिकेत भुजा शोधता येतात, तेजोमेघात वळणं दिसतात, तारकागुच्छ तर नवख्यालाही पहिल्या नजरेत खूश करतो. इथे यातलं काहीच नाही. मधोमध थोडा उजेड, बाहेर जावं तसा तो कमी होत जातो आणि कुठेतरी आकाशात मिसळून जातो. निरीक्षणाच्या वहीत हिच्या वाट्याला बहुतेक वेळा तीनच शब्द येतात: ‘गोल, पुसट डाग’. या तीन शब्दांवर माझा आक्षेप आहे. उजेड कसा कमी होत जातो, हीच या दीर्घिकेची सगळी रचना आहे, आणि ती दुर्बिणीला डोळा लावून वाचता येते. बघण्याची रीत तेवढी बदलावी लागते.

बोलायला एक दीर्घिका समोर हवी, म्हणून एनजीसी ७६१९ घेऊ (एनजीसी ही दीर्घिका, तेजोमेघ आणि तारकागुच्छांची एक सूची). महाश्व तारकासमूहाच्या दक्षिण टोकाला, मीन राशीच्या हद्दीलगत ती आहे. दृश्य प्रत (तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितकी वस्तू फिकी) ११.१ च्या आसपास, अंतर सुमारे १७ कोटी प्रकाशवर्षं. पूर्वेला सात कलांवर (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) जवळजवळ तेवढ्याच तेजाची एनजीसी ७६२६ आहे, तीही लंबवर्तुळाकारच. महाश्वातल्या दीर्घिकांच्या एका समूहातल्या या दोन ठळक दीर्घिका. विल्यम हर्शेलने त्या १७८५ मध्ये शोधल्या. आकाश खरोखर अंधारं असेल तर २०० मिलिमीटर, म्हणजे आठ इंची आरशाच्या दुर्बिणीतून दोन्ही नक्की दिसतात. सहा इंचीतूनही दिसतात, पण तिथे धीर लागतो.

हीच दीर्घिका निवडायला आणखी एक कारण आहे. १९२९ साली मिल्टन ह्युमसन यांनी हिचा वेग मोजून प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेतली १०० इंची दुर्बीण, तिला जोडलेला वर्णपटलेखक आणि फोटोची काच, एवढी त्यांची सामग्री. एका वर्णपटासाठी ३३ तास आणि दुसऱ्यासाठी ४५ तास प्रकाश साठवावा लागला. एका रात्रीत एवढा अंधार कुठून मिळणार? तीच काच पुन्हा पुन्हा लावून, दर वेळी दीर्घिका त्याच फटीवर आणून, रात्रीमागून रात्री ते काम झालं. उत्तर आलं सेकंदाला ३,७७९ किलोमीटर, दूर जाण्याचा वेग. तोवर मोजलेल्या कुठल्याही दीर्घिकेच्या वेगाच्या हे दुपटीच्या घरात होतं. एडविन हबल यांचा वेग आणि अंतराच्या नात्यावरचा प्रसिद्ध निबंध त्याच सुमारास, त्याच नियतकालिकात आला, आणि त्यात त्यांनी या आकड्याचा आधार घेतला. वेग आणि अंतराच्या त्या वेळच्या गुणोत्तराने हबल यांनी काढलेलं अंतर ७८ लाख पार्सेक, म्हणजे अडीच कोटी प्रकाशवर्षं होतं. आजच्या हिशोबाने ते सुमारे सातपट कमी ठरतं. वेगाचं मोजमाप मात्र पक्कं होतं. ह्युमसन यांचं शालेय शिक्षण अर्ध्यावर सुटलेलं, आणि माउंट विल्सनवर ते आधी खेचरांवरून सामान वाहून नेत आणि नंतर साफसफाई करत. विश्व प्रसरण पावतंय हे समजण्याच्या वाटेवरचा एक मोठा टप्पा या माणसाच्या हातून पार पडला. म्हणून या ‘डागा’कडे बघताना माझ्या मनात आदर असतो, आणि तो लपवावा असं मला वाटत नाही.

काच ४५ तास प्रकाश साठवू शकते, डोळा नाही. अंधाराला सरावलेल्या डोळ्याचा साठवणुकीचा काळ सेकंदाच्या एक-दोन दशांशाइतका, आणि पुढची सगळी अडचण तिथूनच सुरू होते. ढोबळ हिशोब मांडला तर २०० मिलिमीटरच्या आरशावर या दीर्घिकेचे दृश्य प्रकाशातले दहा हजारांच्या आसपास कण दर सेकंदाला पडतात. काही आरशांत आणि काचांत हरवतात. डोळ्यात शिरलेल्यांपैकी जेमतेम दहावा हिस्सा कामी येतो. म्हणजे मेंदूकडे एका वेळी जाणाऱ्या चित्रात या अख्ख्या दीर्घिकेचे शे-दोनशे कणच असतात, आणि तेही हजारो पेशींवर विखुरलेले. पहिल्या नजरेत ती दिसली नाही तर त्यात नवल नाही. पुढे सांगितलेला प्रत्येक खटाटोप हे शे-दोनशे कण वाया जाऊ नयेत यासाठी आहे.

आधी ही दीर्घिका आहे कशी ते बघू. हबल यांनी १९२६ मध्ये दीर्घिकांचं जे वर्गीकरण मांडलं, त्यात लंबवर्तुळाकार दीर्घिकांना ई-० ते ई-७ असे क्रमांक दिले. क्रमांक काढायची रीत साधी आहे: लहान अक्षाला मोठ्या अक्षाने भागायचं, आलेला आकडा एकातून वजा करायचा आणि दहाने गुणायचं. लहान अक्ष मोठ्याच्या ७० टक्के असेल तर ई-३. क्रमांक आपल्याला दिसणाऱ्या आकाराचा असतो, खऱ्या आकाराचा नाही. चपटी दीर्घिका नेमकी समोरून दिसली तर तीही ई-० ठरते. आत बहुतांश जुने, पिवळे-तांबूस तारे. नवे तारे घडतील असा थंड वायू आणि धूळ फार थोडी. त्यामुळे ठळक गाठी, पट्टे, भुजा तयारच होत नाहीत. उरतो तो ताऱ्यांचा एकत्रित उजेड, गाभ्यात दाट आणि बाहेर विरळ.

हा उजेड कसा उतरतो याचं सूत्र जेरार द वोकुलर यांनी १९४८ मध्ये दिलं. मध्यापासूनच्या अंतराच्या चतुर्थमुळाच्या प्रमाणात पृष्ठतेजाची (आकाशाच्या ठरावीक तुकड्यातून येणाऱ्या उजेडाची) प्रत वाढत जाते, म्हणजेच उजेड घटत जातो. निरीक्षकाच्या दृष्टीने याचे दोन अर्थ निघतात. एक, गाभ्याजवळ उतार फार तीव्र आहे, म्हणून थोड्याशा जागेत बराच उजेड एकवटलेला असतो. त्यामुळे अकराव्या प्रतीची लंबवर्तुळाकार दीर्घिका त्याच प्रतीच्या, समोरून दिसणाऱ्या सर्पिल दीर्घिकेपेक्षा सहज सापडते. सर्पिलेचा उजेड मोठ्या तबकडीवर पसरून पातळ होतो. दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा: बाहेरच्या बाजूला हा उतार इतका मंदावतो की तो कुठे संपतो असं म्हणताच येत नाही. दीर्घिकेला कडा नाही. आपल्याला जी कडा दिसते ती आपल्या आकाशाची, आरशाची आणि डोळ्याची. दीर्घिकेचा उजेड जिथे पार्श्वभूमीत हरवला, तिथे आपण रेघ मारतो.

सूचींत छापलेला आकारही या नियमाला अपवाद नाही. ७६१९ चा आकार अडीच कलांच्या आसपास दिलेला असतो. असे आकडे सहसा निळ्या प्रकाशात, दर चौरस विकलेला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) २५ व्या प्रतीइतकं तेज जिथे उरतं त्या रेषेपर्यंत मोजतात. ही ठरवून घेतलेली रेषा आहे. उत्तम अंधाऱ्या आकाशाचा स्वतःचा निळा उजेडही तिथल्या दीर्घिकेच्या उजेडाच्या दहापट असतो. डोळ्याला तिथपर्यंत पोहोचणं जमत नाही. आठ इंचीतून एक कलेची चकती दिसली तरी ते चांगलं निरीक्षण आहे. तेवढ्या अंतरावर एक कला म्हणजे सुमारे ५० हजार प्रकाशवर्षं, हे ध्यानात घेतलं की ती चकती लहान वाटत नाही.

आता प्रत्यक्ष कामाला लागू. ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबरची सुरुवात या काळात रात्री नऊच्या सुमारास ही दीर्घिका मध्यमंडलावर, म्हणजे तिच्या सर्वांत उंच जागी असते. चंद्र नसावा. दीर्घिका क्षितिजापासून ३० अंशांवर असताना तिचा प्रकाश डोक्यावरच्या मानाने दुप्पट हवेतून येतो, आणि फिक्या दीर्घिकेला तो तोटा परवडत नाही. आकाशाचं तेज मोजायचं यंत्र जवळ असेल तर दर चौरस विकलेला २१ किंवा त्याहून मोठा आकडा हवा (आकडा मोठा तेवढं आकाश अंधारं). १९ च्या आकाशात दोन्ही गाभे दिसतील, पण नीट फोकस न झालेल्या ताऱ्यांसारखे. भोवतीचा मंद उजेड पुसला गेलेला असेल.

दुर्बीण बाहेर काढून निदान तासभर ठेवावी. आरसा आसपासच्या हवेपेक्षा गरम असेल तर त्याच्यावर हवेचे प्रवाह खेळत राहतात, तारे फुगतात आणि दीर्घिकेचा गाभाही त्याबरोबर पसरतो. आरशाच्या मागे छोटा पंखा असेल तर हा वेळ बराच कमी होतो. मग कॉलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत आहेत का, ते तपासायचं. ग्रहांसाठी ते लागतं आणि दीर्घिकांसाठी चालवून घेता येतं, असा एक समज आहे. लंबवर्तुळाकार दीर्घिकेच्या बाबतीत तो साफ चुकीचा आहे. इथे बघण्यासारखी मुख्य गोष्टच गाभ्याचा टोकदारपणा, आणि आरसे कलले असतील तर नेमका तोच पसरट होतो. नळीच्या तोंडाशी काळ्या फोमचा किंवा कार्डाचा लांबट पडदा लावावा. त्याने दव थोपतं आणि आडून येणारा उजेडही. फोकसरच्या, म्हणजे डोळा लावायचं भिंग (आयपीस) बसतं त्या सरकत्या भागाच्या, समोरची नळीची आतली बाजू चकाकत असेल तर तिथे काळा मखमली कागद चिकटवावा. आरशावरच्या थोड्या धुळीने फार बिघडत नाही. आयपीसच्या डोळ्याकडच्या काचेवरचा पापण्यांचा तेलकटपणा मात्र बराच त्रास देतो. त्या पातळ थरावर पसरलेला उजेड अख्खं क्षेत्र राखाडी करतो.

फिल्टरवर पैसे घालवू नयेत. तेजोमेघांसाठीचे अरुंद पट्ट्याचे फिल्टर ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या ठरावीक रेषा सोडून बाकीचा प्रकाश अडवतात. वायूचे तेजोमेघ त्याच रेषांत चमकतात, म्हणून तिथे फिल्टर कमाल करतो. लंबवर्तुळाकार दीर्घिकेचा प्रकाश ताऱ्यांचा, म्हणजे सगळ्या रंगांत पसरलेला. फिल्टर लावला की आकाशाबरोबर दीर्घिकाही जाते. इथे एकच फिल्टर उपयोगी, तो म्हणजे दिव्यांपासून लांब जाणं.

शोधायची वाट सोपी आहे. मीन राशीतल्या पश्चिमेकडच्या माशाचं ताऱ्यांचं छोटं कडं महाश्वाच्या चौकोनाखाली दिसतं. त्यात चौथ्या प्रतीचा थीटा आणि त्याच्या पश्चिमेला जरा खाली पाचव्या प्रतीचा ७ मीन हे दोन तारे ओळखायचे. ७ मीन आणि आपली दीर्घिका यांचे विषुवांश (आकाशातलं पूर्व-पश्चिम स्थान, ते तास-मिनिटं-सेकंदांत मोजतात) जवळजवळ सारखे आहेत, फरक सहा सेकंदांचा. त्यामुळे विषुववृत्तीय बैठक (जिचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर असतो) असेल तर ७ मीन मधोमध घ्यायचा, विषुवांशाचा अक्ष घट्ट करायचा आणि फक्त क्रांती, म्हणजे उत्तर-दक्षिण स्थान, उत्तरेकडे २ अंश ४९ कलांनी वाढवायची. दीर्घिका क्षेत्रात येतेच. डॉब्सोनियन (नुसती वर-खाली आणि आडवी फिरणारी साधी बैठक) असेल तर त्रिकोण वापरायचा. थीटा आणि ७ मीन यांच्यातलं अंतर दोन अंशांहून थोडं जास्त, हा पाया. दीर्घिका वरचा शिरोबिंदू, ७ मीनपासून २.८ अंश आणि थीटापासून सुमारे २.६ अंश. फाइंडरचं (दुर्बिणीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीचं) क्षेत्र सहा अंशांचं असेल तर दीर्घिकेची जागा मध्यावर आल्यावर हे दोन्ही तारे खालच्या काठाजवळ दिसायला हवेत. खालच्या म्हणजे दक्षिणेच्या. सरळ फाइंडरमध्ये चित्र उलटं दिसतं आणि काटकोनी आरशाच्या फाइंडरमध्ये डावं-उजवं बदलतं. नकाशा तसाच फिरवून किंवा आरशात बघितल्यासारखा छापून नेला तर पुढची निम्मी चिडचिड टळते. फिक्या दीर्घिका हुकतात त्या बहुतेक इथेच: दुर्बीण दिसण्याइतकी मोठी असते, आकाशही बरं असतं, पण बघणारा अर्धा अंश बाजूला बघत असतो.

जागा सापडल्यावर आयपीसचा प्रश्न येतो. आठ इंची, १,२०० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण धरून बोलू. ३० मिलिमीटरचा आयपीस ४० पट देतो आणि बाहेर पडणारी प्रकाशशलाका पाच मिलिमीटर जाडीची असते. १२ मिलिमीटरचा १०० पट देतो, शलाका दोन मिलिमीटर. ८ मिलिमीटरचा १५० पट, शलाका १.३ मिलिमीटर. फिक्या वस्तूंना कमी वर्धन वापरावं असा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो निम्माच खरा आहे. शोधताना कमी वर्धन हवं, कारण क्षेत्र मोठं मिळतं. बघताना वाढवायला हवं. ४० वरून १०० पटीला गेलं की आकाशाचं पृष्ठतेज सहापटीहून जास्त उतरतं, आणि दीर्घिकेचंही तेवढंच. दोघांमधलं गुणोत्तर तेच राहतं. मग फायदा कसला? डोळ्याच्या घडणीचा. अंधुक उजेडात मोठी वस्तू कमी फरकावरही ओळखता येते, लहान वस्तूला जास्त फरक लागतो. ब्लॅकवेल यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून हे नातं आकड्यांत मांडलं गेलं. एक कलेची चकती ४० पटींत पूर्ण चंद्रापेक्षा थोडी मोठी दिसते, १०० पटींत चंद्राच्या तिपटीहून रुंद. तिच्या पातळ बाह्य भागाला दिसण्याइतका आकार तेव्हा कुठे मिळतो. माझा कल दोन मिलिमीटरच्या शलाकेकडे आहे. त्याच्या पुढे गेलं की गाभा उघडतो, पण बाहेरचा मंद उजेड पुन्हा मागे सरकू लागतो. म्हणून दोन्ही वर्धनांत बघायचं, आणि दोन्ही निरीक्षणं वेगवेगळी लिहायची.

डोळ्याची तयारी हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. बुबुळाची बाहुली काही क्षणांत मोठी होते आणि आपल्याला वाटतं, सराव झाला. खरा बदल दृष्टिपटलावरच्या दंडपेशींमध्ये, म्हणजे अंधुक उजेडात काम करणाऱ्या पेशींमध्ये होतो, आणि त्याला ३० ते ४० मिनिटं लागतात. मोबाइलच्या पडद्याकडे एकदा बघितलं की ती मिनिटं पुन्हा मोजायची. लाल दिवाही मंदच हवा, भडक लाल उजेडाने सराव मोडतोच. नकाशा दुसऱ्या डोळ्याने बघावा आणि निरीक्षणाच्या डोळ्यावर पट्टी ठेवावी. डोक्यावरून काळं कापड घेतल्यावर बाजूचा उजेड बंद होतो, आणि कित्येकदा आयपीस बदलून जे साधत नाही ते कापडाने साधतं. मात्र कापडाखाली श्वासाची वाफ आयपीसवर धरते. श्वास नाकातून, खालच्या दिशेने सोडायचा. रोखून तर मुळीच धरायचा नाही, कारण दृष्टिपटलाला प्राणवायू कमी पडला की आधी दंडपेशीच मंदावतात. बसून बघावं. वाकलेल्या पाठीने आणि ताणलेल्या मानेने एका जागी दोन मिनिटंही नजर ठरत नाही.

मग तिरकी नजर. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यावर दंडपेशी नसतातच, त्यामुळे फिक्या वस्तूकडे थेट बघितलं की ती गायब होते. नजर बाजूला ठेवायची, पण किती आणि कुठे? साधारण ८ ते १५ अंश. आयपीसचं दृश्य क्षेत्र ६० अंशांचं असेल तर मध्यापासून काठापर्यंतच्या वाटेवर पाव ते निम्म्या अंतरावर. बाजूही महत्त्वाची. उजव्या डोळ्याने बघत असाल तर नजर दीर्घिकेच्या उजवीकडे टेकवायची, म्हणजे दीर्घिका नाकाच्या बाजूला येते. उलट केलं आणि नजर डावीकडे नेली तर तिची प्रतिमा सरळ अंधबिंदूवर, म्हणजे दृष्टिपटलावरच्या काहीच न दिसणाऱ्या जागेवर पडू शकते, आणि मग कितीही मोठी दुर्बीण असली तरी काही दिसत नाही. डाव्या डोळ्यासाठी सगळं याच्या उलट. तिथे तीस-चाळीस सेकंद नजर स्थिर ठेवायची आणि नळीला बोटाने हलकेच टिचकी मारायची. हलणारा पुसट उजेड डोळ्याला थांबलेल्यापेक्षा चटकन कळतो.

दिसायला लागते ती क्रमाने. ४० पटींत आधी दोन तारे दिसतात, पण काहीतरी बिनसलेले. शेजारचे तारे टोचरे आणि हे दोन मात्र मऊ. इथे हात फोकसरकडे जातो आणि तोच आवरायचा असतो. दीर्घिकेला टोकदार करण्याच्या नादात बाकीचं क्षेत्र बिघडतं. फोकस जवळच्या फिक्या ताऱ्यावर करायचा आणि मग त्याला हात लावायचा नाही. १०० पटींत मध्यभाग आणि भोवतालचं मंद वलय वेगळे पडतात. सुरुवातीला वलय दिसतं-नाहीसं होतं. दर पाच-सहा सेकंदांनी क्षणभर उमटतं आणि जातं. हे येणं-जाणं अपेक्षितच आहे. त्या शे-दोनशे कणांच्या आकड्यात दर वेळी चढ-उतार होणारच. दहा मिनिटांनंतर त्या उमटलेल्या क्षणांची एकमेकांशी सांगड लागते आणि आकार पक्का होत जातो. डोळ्याला साठवता येत नाही ते थोडंफार इथे मेंदू साठवतो.

आता स्वतःला प्रश्न विचारायचे. मध्यभागी ताऱ्यासारखा बिंदू आहे, की छोटी चकती? १५० पटींत तो बिंदू तसाच राहतो की उघडतो? (१७ कोटी प्रकाशवर्षांवर एक विकला म्हणजे ८०० प्रकाशवर्षं. स्थिर हवेतही आपण दोनेक विकलांच्या आत शिरत नाही. तेव्हा हा ‘बिंदू’ म्हणजे सुमारे सोळाशे प्रकाशवर्षं रुंदीचा प्रदेश असतो.) उजेड गाभ्यापासून एकदम पडतो की हळूहळू? वलय गोल आहे की एका दिशेला किंचित ताणलेलं? ताणलेलं असेल तर कोणत्या दिशेला? याची उत्तरं इथे मुद्दाम देत नाही. आधी छायाचित्र बघून गेलेला डोळा छायाचित्रच बघतो, आणि फिक्या वस्तूंच्या बाबतीत ही फसवणूक फार सहज होते. चित्र नंतर बघावं, वहीत लिहून झाल्यावर.

रंग मात्र दिसणार नाही. छायाचित्रातली उबदार पिवळी छटा दंडपेशींना कळत नाही, त्यांना करडंच दिसतं. शिवाय दंडपेशी निळसर-हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतात आणि तांबड्याला जवळजवळ आंधळ्या. त्यामुळे जुन्या, पिवळ्या ताऱ्यांची ही दीर्घिका छापील प्रतीवरून वाटते त्याहून थोडी फिकीच भासते.

दिसलं ते खरंच तिथे आहे का, याची खात्री कशी करायची? या जोडीपुरती एक सुंदर चाचणी आहे. ट्रॅकिंग (दुर्बीण ताऱ्यांमागोमाग फिरवणारी मोटर) बंद करायचं, ७६१९ पश्चिमेच्या काठावर येऊ द्यायची आणि ती काठाआड गेली की सेकंद मोजायला लागायचं. साधारण २८ सेकंदांनी ७६२६ त्याच काठाशी पोहोचायला हवी, कारण दोघींच्या विषुवांशांत तेवढाच फरक आहे आणि क्रांती जवळपास एकच. वीस सेकंद आले किंवा चाळीस आले, तर आपण दुसऱ्याच कशाकडे तरी बघतोय, बहुधा जवळजवळच्या फिक्या ताऱ्यांकडे. काठ पश्चिमेचा कोणता? तारे ज्या बाजूने बाहेर जातात तो, दुर्बीण कुठलीही असो. आयपीसमधलं परावर्तनही कधी कधी अगदी दीर्घिकेसारखं दिसतं. नळी थोडी हलवून बघायची. खरी दीर्घिका ताऱ्यांबरोबर सरकते, परावर्तन त्यांच्या उलट किंवा वेगळ्याच वेगाने. डोळ्यातला तरंगता कण असेल तर तो नजरेबरोबर फिरतो. शक्य असल्यास दुसऱ्या निरीक्षकाला काही न सांगता क्षेत्रात काय दिसतं ते कागदावर खुणेने दाखवायला सांगावं.

सात कलांचं हे अंतर मोजपट्टी म्हणूनही उपयोगी पडतं. वलयाची रुंदी दोघींमधल्या अंतराच्या किती भागाएवढी दिसते? सातवा भाग म्हणजे एक कला, पाचवा म्हणजे जवळजवळ दीड. हा अंदाज आकड्यात लिहावा, सोबत वर्धन, आकाशाचं तेज, दीर्घिकेची उंची आणि अंधारात घालवलेली मिनिटं. कडा दीर्घिकेची नसल्यामुळे हाच आकडा त्या रात्रीचा मापक ठरतो. तीच दुर्बीण, तेच वर्धन ठेवून वेगवेगळ्या रात्री नोंदी केल्या तर ढगाचा पातळ पापुद्रा, धुरकट हवा किंवा क्षितिजावर वाढलेला उजेड या आकड्यात आधी उमटतो, ताऱ्यांच्या प्रतीत नंतर. दहा इंचीच्या पुढची दुर्बीण असेल तर ७६१९ च्या उत्तरेला बारा कलांवर एनजीसी ७६२३ आणि नैर्ऋत्येला साधारण तेवढ्याच अंतरावर एनजीसी ७६११ शोधावी. बारा इंची असेल तर ७६१९ ला जवळजवळ खेटून, तीनेक कलांवर, एनजीसी ७६१७ आहे का तेही बघावं. १२ मिलिमीटरच्या त्या आयपीसचं क्षेत्र ३६ कलांचं, त्यात ही सगळी मंडळी एकदम मावतात.

ज्यांना लगेच ७६१९ वर जायचं नसेल त्यांनी दोन जागी हात बसवून घ्यावा. देवयानी दीर्घिकेशेजारची एम ३२ (‘एम’ म्हणजे मेसिए यांची यादी) आठव्या प्रतीची, छोटी आणि कमालीची घट्ट आहे. गाभ्याचा तीव्र उतार म्हणजे काय ते तिच्यात शहराच्या आकाशातूनही कळतं. दुसरी जागा सिंह राशीत. एम १०५ लंबवर्तुळाकार, शेजारी सात कलांवर मसुराकार (चपटी, पण भुजा नसलेली) एनजीसी ३३८४ आणि जरा पलीकडे फिकी सर्पिल एनजीसी ३३८९, तिन्ही एकाच क्षेत्रात. पहिल्या दोघींत गाभा लगेच दिसतो, तिसरीत उजेड सपाट पसरलेला. त्या क्षेत्रावर अर्धा तास घालवलेला निरीक्षक पुढे कुठल्याही दीर्घिकेबद्दल ‘पुसट डाग’ एवढ्यावर थांबत नाही.

आणि ७६१९ नीट जमल्यावर अरुंधती केश तारकासमूहाकडे वळावं. तिथल्या मोठ्या दीर्घिका-समूहाच्या मध्यावर एनजीसी ४८८९ आणि एनजीसी ४८७४ या दोन महाकाय दीर्घिका आहेत, तीस कोटी प्रकाशवर्षांहून दूर. १९३३ मध्ये फ्रित्स झ्विकी यांना याच समूहातल्या दीर्घिकांचे वेग दिसणाऱ्या वस्तुमानाच्या मानाने फार जास्त आढळले, आणि अदृश्य द्रव्याचा मुद्दा त्यांनी तिथून मांडला. ४८७४ जवळ सातव्या प्रतीचा एक तारा आहे आणि त्याचा झगझगाट तिरक्या नजरेचा सगळा सराव मोडतो. वर्धन १५० च्या पुढे न्यायचं आणि तो तारा क्षेत्राच्या काठाबाहेर ढकलून बघायचं.